पाहून लिहिले

नाना,

मागच्या मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि तुमच्या शोकसभेसाठी अर्ध्या पानाचा मजकूर लिहून द्यायला सांगितलं. "तुम्हीच लिहा, त्यांच्या टेबलावर आता तुम्ही आहात," म्हणाले. मी जागेवर आले, कोरं पान उघडलं आणि लिहिलं, 'कै. रामकिसन नाना हे अत्यंत कर्तव्यदक्ष, वक्तशीर आणि मनमिळाऊ कर्मचारी होते.' टाइप करून बोटं थांबतात न थांबतात तोच तुमचा आवाज कानात आला. "हे खरं हाय का?"

कर्तव्यदक्ष एक वेळ चालेल. वक्तशीर? हजेरीपटावर तुमची सही कायम सगळ्यात शेवटी असायची. बस स्टँडजवळच्या चहावाल्यापासून गेटवरच्या शिपायापर्यंत प्रत्येकाच्या घरचं विचारत विचारत तुम्ही जिना चढायचात. आणि मनमिळाऊ? लेखा शाखेच्या बाबूरावांशी तुम्ही तीन वर्षं बोलत नव्हतात, तेही खिडकी उघडी ठेवायची की बंद एवढ्यावरून. मी एकेक शब्द खोडत गेले. शेवटी पानावर 'कै. रामकिसन नाना हे' एवढंच उरलं आणि ते 'कै.' बघून मी संगणक बंद केला.

म्हणून आधी तुम्हालाच लिहायला घेतलं. म्हटलं, शोकसभेचं नंतर बघू.

आपलं टेबल नेमकं काय करतं हे माझ्या घरात अजून कुणाला धड समजलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, आमची सुजाता आमदारांना उत्तरं देते. मी दर वेळी तिला समजावते, अगं, आमदार सभागृहात विचारतात, अमुक गावचा दवाखाना बंद आहे, हे खरे आहे काय? उत्तर मंत्री देतात. पण मंत्र्यांना ते गाव कुठून माहीत असणार? मग तो प्रश्न मुंबईहून एकेक पायरी उतरत आमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात येतो, आमच्या टेबलावर. तिथं जे वाक्य लिहिलं जातं, तेच सह्या घेत घेत वर चढतं आणि छापून सभागृहात ठेवलं जातं. होय, हे खरे आहे. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. आई सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "म्हंजे आमदारांना उत्तरंच की." तुम्ही हे ऐकून खूप हसला होतात आणि म्हणाला होतात, "आईचं बराबर हाय, तूच लांबण लावून राह्यली."

पहिला दिवस आठवतो का? मी परीक्षा देऊन नव्यानं लागलेली, नाकाच्या शेंड्यावर राग. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत, "गाव कोणतं?"

हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आले होते. गाव विचारतात, मग आडनाव, मग गावातली गल्ली, आणि मग चेहऱ्यावर एक बारीकसा पडदा ओढतात. मी म्हणाले, "घनसावंगी. बौद्धवाडा. अजून काही विचारायचंय?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "अजून एक. घनसावंगीची बस किती वाजता असती? त्याच्या पुढच्या एका गावावर प्रश्न आलाय, तुला जावं लागतंय."

मी अशी वरमले की विचारू नका. पुढं कित्येकदा नव्या माणसांसमोर तुम्ही हा किस्सा रंगवून सांगितलात आणि माझी फजिती केलीत. पण मी दुसऱ्या वर्षी चौदा एप्रिलला तुम्हाला घरी बोलावलं, तेव्हा तुम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून वडिलांना मोठ्यानं म्हणालात, "बस टायमावर आली, पोरीनं सांगितल्याबराबर!" आणि त्या दिवसानंतर वडील तुम्हाला पाहुणे मानायचं सोडून घरचंच माणूस मानू लागले.

त्या पहिल्या प्रश्नात विचारलं होतं, आरोग्य केंद्रात पाण्याची टाकी नाही, हे खरे आहे काय? मी केंद्रावर फोन लावला. टाकी आहे, भरलेली आहे, असं उत्तर मिळालं. मी खुशीत लिहिलं, 'हे खरे नाही.' तुम्ही कागद वाचला, खुर्चीवरचा टॉवेल उचलून उपरण्यासारखा खांद्यावर टाकला आणि माझ्यासमोर आमदार होऊन उभे राहिलात. सगळं ऑफिस बघत होतं.

"अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदय सांगून राह्यले टाकी भरलेली हाय. माझा उपप्रश्न असा हाय की, टाकीतलं पाणी बाळंतिणीपर्यंत जातं का?"

मला काय माहीत?

"अध्यक्ष महोदय, मंत्री गप हायेत," तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. रागानं माझे कान तापले. पण दुसऱ्या दिवशी मी गेले. टाकी होती. भरलेलीही होती. बाळंतपणाच्या खोलीपर्यंत नळच नव्हता. एक मावशी बादलीनं पाणी वाहत होती. परत आल्यावर मी 'हे खरे नाही' खोडून 'हे अंशतः खरे आहे' लिहिलं आणि खाली नळाचं लिहिलं. तुम्ही कार्यालयात ठेवायच्या प्रतीच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंत, 'पाहून लिहिले', आणि मला म्हणालात, "सही कर."

ही तुमची रीत. कोणत्याही नियमात नव्हती. एका साहेबांनी तर विचारलंही होतं, हे पाहून लिहिलेचं काय खूळ आहे, कोणत्या परिपत्रकात आहे? तुम्ही म्हणालात, "साहेब, पेन्सिलीचं हाय, खोडून टाका." साहेबांनी खोडरबर मागवलं नाही. पण बाकीचे थट्टा करायचे. चार वाजता उत्तर मुंबईला जायचंय आणि नाना दुपारी जीपनं वालसावंगीकडे निघाले, असं व्हायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर वरच्या कार्यालयाचे निरोप लाल होऊन यायचे, अतितात्काळ, अतितात्काळ, आणि तुम्ही कुठल्या तरी बांधावरून फोन करून सांगायचात, "थांब म्हनावं, मी बघून राह्यलो." शिव्या मात्र ऑफिसात बसून मी खायचे.

मी तुमच्याशी किती भांडले आहे! फोनवर विचारलं तर काय बिघडतं? तालुक्याची माणसं काय खोटं सांगायला बसलीत? तुम्ही नुसता पानाचा डबा उघडायचात आणि बंद करायचात. मला वाटायचं, जुना माणूस आहे, हट्टी आहे. चार वर्षं मला असंच वाटत राहिलं.

मग नागपूरचं अधिवेशन आलं. आपल्या जिल्ह्यावर मोठा प्रश्न लागला होता आणि मंत्र्यांना ऐनवेळी माहिती लागली तर हवी म्हणून आपल्या दोघांना फायली घेऊन बोलावलं होतं. तुम्ही एका पिशवीत फायली आणि दुसरीत काकूंच्या दशम्या घेऊन आला होतात, आणि दुसरी पिशवी जास्त जपत होतात. आपण अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलो. मी पहिल्यांदाच सभागृह बघत होते. एक प्रश्न झाला, दुसरा झाला, आणि मग कशावरून तरी इतका गोंधळ झाला की कामकाज थांबलं. आपला प्रश्न आलाच नाही. त्याचं उत्तर 'सभागृहाच्या पटलावर ठेवले' म्हणून छापून आलं आणि संपलं. माझा जीव खट्टू झाला. पंधरा दिवस राबलो आणि कुणी मोठ्यानं वाचलंसुद्धा नाही.

बाहेर हिरवळीवर उन्हात बसून आपण दशमी आणि ठेचा खाल्ला. मी कुरकुरत होते. तुम्ही हात धुतलात, आतल्या खिशातून एक घडी घातलेला, कडा झिजलेला छापील कागद काढलात आणि म्हणालात, "हे बी कोनी वाचलं न्हवतं. पन ज्यानं वाचाया पायजे व्हतं त्यानं वाचलं."

जुन्या अधिवेशनातल्या प्रश्नोत्तराचं ते पान होतं. शहागडच्या अलीकडच्या एका गावातलं आरोग्य उपकेंद्र गेली तीन वर्षे कुलूपबंद आहे, हे खरे आहे काय? आणि उत्तर, 'हे खरे नाही. सदर उपकेंद्र नियमित सुरू आहे.'

"हे मी लिवलं," तुम्ही म्हणालात. "तू यायच्या दोन वर्स आधी. चार वाजायला आल्ते. फोन केला, तिकडून सांगितलं सुरू हाय. लिवलं. जल्दी व्हती."

दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामानं तुम्ही त्या गावाजवळून चालला होतात. वाट वाकडी करून उपकेंद्र बघायला गेलात. कुलूप गंजलेलं होतं आणि कडीवर गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. पायरीवर एक बाई शेंगा निवडत बसली होती, गयाबाई. तुम्ही विचारलंत, हे कधीपासून बंद आहे? तिनं तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बंद कुठं हाय? सभेत सांगितलंय म्हनं उघडं हाय. पेपरात आल्तं, पोरानं वाचून दावलं. मंग आमालाच दिसंना का, कुनाला ठावं."

तिची सून त्याच पावसाळ्यात शहागडला नेताना जीपमध्ये बाळंत झाली होती. दोघी वाचल्या, मुलगी झाली. गयाबाईनं हेही सांगितलं, आणि मग तुम्हाला प्यायला पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, "सुजाता, ते पानी मला गिळंना." मी तुमच्या तोंडावरून नजर काढून घेतली. तुमचे डोळे भरले होते आणि ते मी बघावं असं तुम्हाला वाटत नव्हतं.

त्या दिवसापासून आपलं दुसरं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही.

मी तिथंच म्हणाले, नाना, दुरुस्ती पाठवा. दिलेल्या उत्तरात चूक झाली तर ती सभागृहात दुरुस्त करता येते, तशी सोय आहे. तुम्ही म्हणालात, "सोय हाय. पन त्यानं काय व्हतं? कागद खरा व्हतो. कुलूप तसंच." तुमचा मार्ग वेगळा होता. उत्तर गेलं ते गेलं, आता गाव त्या उत्तरासारखं करायचं. सिस्टरची जागा भरून घेतलीत, विजेचं मीटर आणलंत, बोअरचं पाणी आत नेलंत. प्रत्येक अधिवेशनात, प्रत्येक बैठकीत, जिथं फट दिसेल तिथं त्या उपकेंद्राचा कागद सारलात. साहेब बदलत गेले, तुमचा कागद तोच. कुलूप निघालं तेव्हा तुम्ही ऑफिसात पेढे वाटले होते आणि कुणालाच कारण सांगितलं नव्हतं. बाबूरावांनाही पेढा दिला होतात. म्हणजे बोलणं नव्हतं, पण पेढा होता.

मला हे सगळं कौतुकाचं वाटायचं आणि तरी राग यायचा. कारण त्या छापील पानावर अजून तेच होतं. मी म्हणायचे, उद्या कुणी ते पान काढून वाचलं तर गयाबाई खोटी ठरते. तुम्ही म्हणायचात, "गयाबाईला पान नको, नर्स पायजे." मी म्हणायचे, तिला दोन्ही पाहिजे. तुम्ही म्हणायचात, "तू वकील व्हायला पायजे व्हती." तुम्ही निवृत्त झालात, मी त्या टेबलावर बसले, तरी रविवारी तुमच्या घरी चहाला आले की हेच.

संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी मात्र मी हद्द ओलांडली. गच्चीवर ऊन होतं, काकू हरभरा निसत होत्या. मी म्हणाले, "नाना, खरं सांगू? तुम्ही घाबरलात. तेव्हा साहेबाला घाबरलात आणि आता स्वतःच्या नावाला घाबरता. म्हणून एवढी धावपळ, पण एक कागद लिहवत नाही." काकूंचे हात थांबले. तुम्ही मोसंबी सोलली, फोडी सुट्या केल्या आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. मी म्हणाले, मला उशीर होतोय, आणि उठले.

जिना उतरताना वाटलं होतं, परत वर जावं. मग म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी मी आले नाही, लग्न होतं. त्याच्या पुढच्या रविवारच्या आधी फोन आला.

नाना, त्या ताटलीचा मला फार त्रास होतोय. एक फोड उचलून तोंडात टाकायला किती वेळ लागतो?

तुमच्या दहाव्याला तुमच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला आले होते. देवळाच्या बाजूच्या मांडवात बायका बसल्या होत्या. काकूंनी मला बघितलं आणि हाताला धरून आत स्वयंपाकघरात नेलं, स्वतःजवळ बसवलं. रडून झालं होतं त्यांचं. पदराखालून तुमचा मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "हा वाजून राह्यला सकाळधरनं. गयाबाई म्हनून नाव येतं. मी काय बोलू? तूच बोल."

सोमवार होता. माझ्या हातात असतानाच तो पुन्हा वाजला.

"भाऊसाहेब हायेत का?"

मी सांगितलं, मी त्यांच्या ऑफिसातली सुजाता बोलते.

"मंग भाऊसाहेब कुठं गेले? दोन सोमवार झाले, फोन न्हाई. आज सिस्टर टायमावर आल्ती, पानी बी हाय. ते सांगायचं राह्यलं म्हनून म्या लावला."

मी सांगितलं. पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या. मग ती हळूच "आगं बया" म्हणाली.

तेव्हा मला कळलं की दर सोमवारी दहा वाजता तुम्ही तिला फोन करायचात. कुलूप निघालं तेव्हापासून. निवृत्त झाल्यावरही. उघडलं का, सिस्टर आली का, पाणी आहे का, बस्स एवढंच. ऑफिसात असताना सोमवारी दहाला तुम्ही फोन घेऊन जिन्यात जायचात आणि मी मनात म्हणायचे, आले उशिरा आणि लागले गप्पा मारायला.

"आन बाई," गयाबाई म्हणाली, "शेवटल्या खेपेला म्हनले, गयाबाई, मी एक कागद घिऊन यून राह्यलो. तवा चुकीचं लिवलं व्हतं, ते दुरुस्त करायचं. आमच्या हापिसातली पोरगी भांडून गेली, ती बराबर बोलली म्हनले. मला भ्या वाटत व्हतं म्हनले. तुमी सही द्याल का? म्हनलं, देते की. आंगठा न्हाई, सहीच करते. मंग आलेच न्हाई."

मी मांडवाच्या मागं गेले आणि भिंतीला टेकून मोठ्यानं रडले. कुणी बघितलं असेल तर बघू दे. निघताना काकूंनी मोसंब्यांची पिशवी दिली. बसमध्ये एक सोलली आणि सगळी खाल्ली.

त्या शनिवारी मी शहागडहून जीपनं गेले. तुम्ही ज्या पायरीचं सांगत होता, तिला आता फरशी बसवली आहे. कुलूप कडीला उघडं लटकलेलं होतं. आत सिस्टर बाळांची वजनं करत होत्या आणि सगळी बाळं एकदम रडत होती. गयाबाई धुतलेलं लुगडं नेसून आधीच येऊन बसली होती. मी तिला कागद वाचून दाखवला. सदर उपकेंद्राबाबत पूर्वी दिलेले उत्तर प्रत्यक्ष पाहणी न करता दिले गेले होते, ते वस्तुस्थितीस धरून नव्हते, उपकेंद्र त्या वेळी बंद होते.

"तीन वर्स बंद व्हतं. ते लिव."

मी लिहिलं.

"आन आता उघडं हाय, ते बी लिव. रोज उघडं असतं म्हन. न्हाईतर परत बंद हाय म्हनून बोंबलतील आन सिस्टरचं नाव जाईल."

मी तेही लिहिलं. तुम्ही आणि मी सात वर्षं भांडलो, नाना, की कागद आधी की कुलूप आधी. तिनं दोन ओळींत दोन्ही लिहून घेतलं. मग तिनं सही केली. एकेक अक्षर जोडायला वेळ लागला, पण वेलांटीसुद्धा चुकवली नाही.

साहेबांनी तो कागद बघून कपाळाला हात लावला. "मॅडम, एवढ्या वर्षांचं कशाला उकरता? आणि माणूस जाऊन अजून महिना नाही झाला." मी म्हणाले, "साहेब, ते स्वतःच निघाले होते हे घेऊन." त्यांनी पुन्हा वाचलं. म्हणाले, वर कुणी बघणार नाही. मी म्हणाले, "साहेब, माझा उपप्रश्न असा आहे की, बघितलं तर?" ते हसले नाहीत, पण त्यांनी सही केली. काल कागद मुंबईला गेला. मंत्री निवेदन करतील की फाईल कुठल्या कपाटात जाऊन बसेल, मला माहीत नाही. पण मी आठवण करत राहणार आहे. अर्थसंकल्पीय अधिवेशन लागतंय, त्यानंतर पावसाळी आहे, मग नागपूर आहेच. तुमच्याकडूनच शिकले आहे एकच कागद फटीफटीतून कसा सारायचा ते.

राहिला शोकसभेचा मजकूर. त्यात काय लिहायचं हे मला गयाबाईच्या पायरीवरच कळलं होतं, पण काकूंना विचारल्याशिवाय लिहिणार नव्हते. फोनवर वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "खरं हाय ते वाच. त्यांना खोटं कौतुक बिलकुल पचत न्हवतं."

आज दुपारी सभा झाली. सगळी शाखा उभी होती. बाबूराव पुढं आले आणि त्यांनी स्वतः खिडकी उघडली, दोन्ही दारं, पार भिंतीपर्यंत. मी वाचलं. 'रामकिसन नानांनी एकदा न बघता एक उत्तर लिहिलं होतं. ते खरं व्हावं म्हणून ते तेरा वर्षं झटले आणि ते खरं करून दाखवलं. तरीही ते मुळात चुकीचं होतं, हे लिहून द्यायला ते शेवटी निघाले होते. त्यांच्या टेबलावर काम करणाऱ्या कुणीही न बघता लिहू नये.' एवढंच. या सोमवारी दहा वाजता मी जिन्यात उभं राहून गयाबाईला फोन लावला होता, ते मात्र वाचलं नाही. ते तुमचं-आमचं आहे. सिस्टर आल्या होत्या, पाणी आहे.

सभा संपल्यावर साहेबांनी कार्यालयात ठेवायला एक प्रत मागितली. मी ती टेबलावर नेली, तुमच्या खणातली पेन्सिल घेतली आणि डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'पाहून लिहिले.' मग खाली माझी सही केली.